कॅप निघते, पण चेपून आणि काचेसकट: रिमूव्हर मशिनचा नेहमीचा आजार

बल्बच्या कारखान्यात रिजेक्ट झालेला माल काच फोडायला जाण्याआधी त्याच्या कॅपा, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या टोप्या, काढून घेतात. त्या साफ करून, गेजवर (मापाच्या साच्यात) तपासून पुन्हा लाइनवर जातात. हे काम करणाऱ्या मशिनला आम्ही नुसतं रिमूव्हर म्हणतो. गोल फिरणारं टेबल, त्यावर बल्ब उभे धरणारी हेडं, कॅप वर. टेबल टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. बाजूच्या बर्नरांच्या ज्योतीत हेड स्वतःभोवती गिरकी घेतं, वरच्या टोकाच्या सोल्डरवर एक बारीक वेगळी ज्योत आणि लगेच हवेचा झोत. शेवटच्या ठिकाणी वरून चक, म्हणजे हवेवर मिटणारी पकड, उतरतो, कॅप पकडतो, पिळतो आणि उचलतो. मशिनागणिक रचना थोडी बदलते, आजार मात्र तोच.

हा आजार मी इतक्यांदा काढलाय की फोनवर "परत कॅपा चेपतायत" एवढं ऐकलं की पुढचे प्रश्न तोंडातून आपोआप निघतात.

लक्षणं

- कॅप निघते, पण लंबगोल होऊन. गेजात जात नाही.
- कॅपेच्या आत मानेच्या काचेचं कडं अडकून येतं.
- कॅप चकमध्ये राहते, खाली बल्बची मान तुटते, काच उडते.
- कॅप सैल होते पण सुटत नाही, तारेला लोंबकळत पुढे जाते.
- आतला, कॅप काचेला चिकटवणारा सिमेंटचा थर काळा, चिवट, ब्रशला दाद न देणारा.
- कॅपेच्या बुडाची काळी काच तडकलेली.

ही सगळी एकाच टोपलीत दिसतात, म्हणून लोक त्यांना एकच बिघाड समजतात. बहुतेक वेळा दोन असतात, कधी तीन.

पहिली चूक: हवेचं प्रेशर वाढवणं

कॅप निघत नाही म्हटलं की ऑपरेटरचा हात आधी रेग्युलेटरकडे जातो. पाचचं सहा बार. दहा मिनिटं बरं वाटतं, कारण चक आता जबरदस्तीने ओढायला लागतो. मग चेपलेल्या कॅपांचा ढीग.

बी२२ (पिनांची) किंवा ई२७ (आट्यांची) कॅप नव्या बल्बवर ३ न्यूटन-मीटरचा पीळ सहन करून जागेवर राहिली पाहिजे, अशी मानकाची अटच आहे. होल्डरमध्ये बसवताना, काढताना ती सुटू नये म्हणून. म्हणजे आपण जी कॅप काढायला निघालोय ती मुळात निघू नये म्हणूनच बनवली आहे. थंड किंवा अर्धवट तापलेल्या कॅपेवर जोर लावला की आधी हार मानते ती मानेची काच किंवा कॅपेचा पातळ पत्रा. सिमेंट नाही.

आणि सिमेंट तापवल्यावर वितळत नाही, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम होतं. ते मेण नव्हे. फिनॉलिक राळ आणि संगमरवराची पूड, मुख्यतः एवढंच. राळ एकदा भट्टीत भाजून कडक झाली की परत पातळ होत नाही. तापवत गेलं की जळते, तिची पकड सुटते आणि उरते ती खडूच्या भुकटीसारखी पूड. संगमरवर आणि खडू दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. आपल्याला राळ जाळायची आहे, तीही कॅपेच्या घेरात सगळीकडे सारखी. एका बाजूला सिमेंट भुकटी झालंय आणि दुसऱ्या बाजूला दगड आहे, अशा कॅपेला पिळलं की ती त्या दगडाभोवती वळते. लंबगोल कॅप तिथून येते.

म्हणून रेग्युलेटर आहे तिथे ठेवा. आधी पुढचं करा.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

मशिन थांबवा आणि शेवटच्या तीसेक खराब कॅपा टेबलावर ओता. प्रकाराप्रमाणे ढीग लावा: काच आत असलेल्या, चेपलेल्या, काळ्या पडलेल्या, तारेवर लटकलेल्या. कुठला ढीग मोठा, हे पाहायला पाच मिनिटं लागतात आणि त्यातून पुढचे दोन तास वाचतात.

मग हेडांना खडूने नंबर घाला. नसतीलच आधीपासून, किंवा रंग उडालेला असेल. मशिन चालवून दोन पूर्ण फेऱ्यांत खराब कॅप कुठल्या हेडवर येते ते लिहून काढा. चार-पाच ठरावीक हेडंच पुन्हा पुन्हा आली तर बिघाड त्या हेडांत आहे: गिरकी थांबलेली, बेअरिंग जाम, बल्ब तिरका धरलेला. सगळीकडे सारखं येत असेल तर ज्योत, चक, हवा किंवा माल. आणि हेडाशी काही संबंध नाही, पण थोड्या थोड्या वेळाने खराब कॅपांचा झुबका येतो, असं दिसलं तर कारखान्यात त्याच वेळी दुसरं कुठलं मशिन हवा ओढतंय ते पाहा.

ही वही न लिहिता कोणी मला "जॉ (चकचे जबडे) बदलले, तरी तेच" म्हटलं की मी हल्ली वाद घालत नाही. खडू देतो.

माल मिसळलाय का

दुसरा फुकटचा तपास. एका टोपलीत पितळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कॅपा एकत्र आल्या तर एकच ज्योत दोघींना मानवत नाही. राळ नीट जळायला साधारण ३०० अंशांच्या पुढे जावं लागतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्याच सुमाराला मऊ पडायला लागतो. पितळ तिथे अजून ताठ असतं. पितळेसाठी लावलेल्या ज्योतीत अ‍ॅल्युमिनियमची कॅप गेली की चकच्या दाबाखाली ती कागदासारखी दबते.

ओळखायचं कसं? निकेलचा मुलामा असेल तर दोन्ही पांढऱ्याच दिसतात. कडेला कानस एकदा फिरवा. खाली पिवळं निघालं तर पितळ. हातात घेतल्यावरही फरक कळतो, अ‍ॅल्युमिनियम पितळेच्या एक तृतीयांशाहून कमी वजनाचं. लोखंडी कॅप आली असेल तर चुंबक सांगेल, बाकी दोघींना चुंबक चिकटत नाही.

एलईडी बल्ब चुकून आलेत का तेही बघा. त्यांची कॅप सहसा सिमेंटने नाही, तर घेरभर टोचे मारून प्लास्टिकच्या अंगावर घट्ट केलेली असते. कॅपेच्या कडेला ठिपक्यांची रांग दिसली की तो बल्ब या मशिनवर चढवायचाच नाही. ज्योतीत प्लास्टिक गळतं, बर्नरवर पडतं, नोझल बुजतं आणि मग चांगल्या मालाच्याही कॅपा बिघडायला लागतात. एका बल्बने अख्खी पाळी घालवलेली पाहिली आहे.

सीएफएल आणि ट्यूबबद्दल खाली वेगळं लिहिलंय. तिथे हा पोस्ट थांबतो.

दांड्यावरचा होल्डर

हा माझा सगळ्यात लाडका तपास. याने मशिनचे सरळ दोन तुकडे होतात: उष्णतेचा भाग आणि पकडीचा भाग.

जुना पितळी पिनहोल्डर घ्या, त्यातलं सगळं काढून टाका, नुसतं खोकं एका लाकडी दांड्याच्या टोकाला घट्ट बसवा. चकचं स्टेशन बंद ठेवून टेबल चालवा. बल्ब चकच्या जागी आला की मशिन थांबवून गॅस बंद करा, होल्डर कॅपेवर दाबून पिना अडकवा आणि हळूच फिरवा. चेहऱ्यावर शिल्ड, हातात चामडी मोजे, मनगट झाकलेलं. मान तुटलीच तर काच तुमच्याच दिशेने येते.

नीट तापलेली कॅप या दांड्याने जवळजवळ जोर न लावता फिरते. आत बारीक करकर ऐकू येते, वाळूवर पाय घासल्यासारखी, आणि मग कॅप वर उचलली जाते. मानेवर पांढरट-करडी पूड राहते, फुंकरीने उडते. असं झालं तर तुमची उष्णता ठीक आहे. सरळ चककडे जा.

दांडा अडला, किंवा थोडा फिरून एका जागी ताठ झाला, तर चकला हात लावू नका. बिघाड ज्योतीकडे आहे. आट्यांच्या कॅपेसाठी आट्यांचा होल्डर लागेल, मात्र त्यात उलटं फिरवलं की होल्डरच सुटून येतो. म्हणून त्याला आवळण्याच्याच दिशेने फिरवायचं.

ज्योत

आधी रंग. निळी, टोकदार, आवाज करणारी हवी. पिवळी, हलती, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय किंवा नोझल बुजलंय. बर्नर थंड झाल्यावर नोझलची भोकं उजेडाकडे धरून पाहा. सोल्डरचे थेंब आणि सिमेंटची पूड तिथे जाऊन बसते. साफ करायला योग्य मापाची मऊ पितळी तार घ्या. ड्रिल बिट फिरवू नका. भोक किंचितही मोठं झालं की त्या बर्नरची ज्योत बाकीच्यांपेक्षा वेगळी होते आणि ती परत जुळवणं जिकिरीचं.

मग गिरकी. हेडाच्या बाजूला खडूची उभी रेघ मारा आणि ज्योतीसमोर असताना ती किती वेळा समोरून जाते ते मोजा. हेड फिरवणारा पट्टा सैल झाला, तेलकट झाला की हेड थांबून थांबून फिरतं. कॅपेची एकच बाजू भाजते. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे, आणि दुरुस्ती म्हणजे पट्टा पुसून ताण देणं, फार तर नवा पट्टा.

वारं. एका ठिकाणी मी तीन दिवस गिरकी, नोझल, जॉ सगळं तपासत होतो. सकाळी माल छान, दुपारी खराब. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर तिथेच स्टूल टाकून बसलो. ऑपरेटर आला, पाठीमागचा उभा पंखा त्याने स्वतःकडे वळवला आणि माझ्या डोळ्यांदेखत चारही ज्योती एका बाजूला झुकल्या, बोटभर. सकाळी गारवा असायचा, पंखा बंद. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, बर्नरसमोर उभं राहून बघा म्हणजे कळेल. पत्र्याचा आडोसा लावला, पंखा त्याच्याकडेच राहू दिला.

ज्योतीत थांबण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा. उत्पादन वाढवायचं म्हणून कोणीतरी टेबलाचा वेग वाढवलेला असतो आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. वेग वाढला की वेळ भरून काढायला ज्योत मोठी केली जाते, आणि इथे खरा घोळ होतो. मोठ्या ज्योतीने बाहेरचा पत्रा लाल व्हायला येतो, आतलं सिमेंट मात्र अजून अर्धकच्चं. मध्यम ज्योत आणि जास्त वेळ, हेच बरं.

कॅप तापल्यावर काचेपेक्षा जास्त फुगते, याचाही फायदा घ्यायचा असतो. २२ मिलिमीटरची पितळी कॅप २५० अंशांनी तापली की व्यास साधारण ०.१ मिलिमीटरने वाढतो. काच तेवढीच तापली तर जेमतेम निम्म्याने. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची फट आपल्याला फुकट मिळते. पण शेवटचा बर्नर आणि चक यांच्या मध्ये दोन रिकामे थांबे असतील आणि तिथे वारं लागत असेल तर कॅप आधी निवते, आकसते आणि फट मिटते. शेवटचा बर्नर चकच्या शक्य तितका जवळ हवा.

तापमान मोजायला रंग बदलणारी किंवा वितळणारी खूणकांडी पुरते. पितळी कॅपेचा बाहेरचा पत्रा मी ३०० ते ३५० अंशांत ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमला त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, आणि ज्योतीत जास्त वेळ. आत काळा, लाखेसारखा चकचकीत थर उरला तर राळ जळून संपली नाही, अर्धी जळून चिकटली आहे. त्यावर उपाय वेळ वाढवणं.

सोल्डर आणि तारा

लटकलेल्या कॅपांचा ढीग मोठा असेल तर इथे या. पिनच्या कॅपेत दोन्ही तारा बुडाच्या दोन टिकल्यांना सोल्डर केलेल्या असतात. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. शिसं नसलेलं सोल्डर २१७ ते २२७ अंशांच्या आसपास. कारखान्याने सोल्डर बदललं आणि रिमूव्हरला कोणी कळवलं नाही, असं होतं. वरची बारीक ज्योत जुन्याच मापाची राहते.

सोल्डर वितळलेलं दिसतंय तरी तार सुटत नसेल तर हवेचा झोत उशिरा येतोय. ज्योत आणि झोत यांच्यात एक थांबासुद्धा रिकामा असला तर थेंब परत गोठतो. आट्यांच्या कॅपेत दुसरी तार कडेला असते, आणि ती काही मालात सोल्डर नसून वेल्ड केलेली असते. ती ज्योतीने सुटणार नाही, कापावीच लागते. त्यासाठी कटर नसेल तर मशिनला दोष देऊ नका.

झोताने उडालेलं सोल्डर पत्र्याच्या खोक्यात जमतं. त्यात शिसं असतं. ते झाडूने उडवायचं नाही, त्या हाताने काही खायचं नाही.

हवा

होल्डरच्या दांड्याने कॅप सहज निघाली आणि चकला निघत नाही, तरच इथवर या. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. दमट हवेत ते पाळीत दोनदा भरतं, आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये गेलं की चक कधी लवकर, कधी उशिरा मिटतो. काटा मशिन थांबलेलं असताना बघू नका. सिलिंडर चालताना बघा. थांबलेल्या मशिनवर सहा बार दाखवणारा काटा सिलिंडर चालला की चारवर पडत असेल तर पाइप, जोड किंवा फिल्टर गुदमरलाय.

चकचे जॉ

आता पान्हा हातात घ्यायला हरकत नाही. जॉमध्ये बसलेली सिमेंटची पूड तारेच्या ब्रशने काढा. मग कॅपेवर कार्बन पेपरची पट्टी गुंडाळून चक एकदा मिटवा आणि उघडा. सगळ्या जॉचे ठसे सारखे लांब, सारखे गडद आले पाहिजेत. एकाचा ठसा फक्त वरच्या कडेला दिसला तर तो झिजलाय किंवा तिरका बसलाय. जॉ नेहमी पूर्ण संच बदलायचे. एकच नवा घातला तर सगळा भार तोच घेतो.

चक आणि हेड एका रेषेत आहेत का ते डायल गेज लावून पाहा. चक बाजूला सरकलेला असेल तर तो उतरतानाच मानेला ढकलतो, आणि तुटलेल्या मानेचं खापर ज्योतीवर फुटतं.

क्रम असा हवा: पकड, पीळ, मग उचल. पीळ पुरा होण्याआधी उचल सुरू झाली तर तिरका जोर येतो आणि काचेचं कडं आत राहतं. कॅम झिजल्यावर किंवा सेन्सर सरकल्यावर हे होतं. मोबाइलवर स्लो मोशन चित्रीकरण करा, डोळ्याला न दिसणारं त्यात लगेच दिसतं. पीळ मर्यादेत ठेवणारा क्लच कोणी पूर्ण आवळून ठेवलाय का तेही बघा. आवळलेला असतोच. तो घसरण्यासाठीच दिलेला आहे.

इथे थांबा

गॅसचा वास येतोय, ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होत नाही, किंवा गॅसच्या मुख्य व्हॉल्व्हमध्येच गडबड आहे: मुख्य कॉक बंद करा, लोकांना बाजूला घ्या आणि गॅसचं काम करणाऱ्या परवानाधारक माणसाला बोलवा. ज्योत ओळखणारा सेन्सर तार जोडून बायपास करणं म्हणजे कधीतरी होणाऱ्या भडक्याची तयारी.

टेबल थांब्यावर नीट न थांबता पुढेमागे सरकतंय, गिअरबॉक्समधून ठोके येतायत: ते खोलायचं काम मशिन बनवणाऱ्याचं किंवा त्यात मुरलेल्या माणसाचं. मी स्वतः एकदा खोललं होतं. वेळ परत जुळवायला जितके दिवस गेले तितक्यात नवं बसलं असतं. गार्डचे स्विच आणि पीएलसीमधली (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरमधली) सुरक्षेची साखळी याही आपल्या हद्दीबाहेर.

सीएफएल आणि फ्लुरोसंट ट्यूबमध्ये पारा असतो. उघड्या ज्योतीच्या, उघड्या हवेच्या रिमूव्हरवर त्या कधीही चढवायच्या नाहीत. त्यांची मशिनं बंदिस्त असतात, आतली हवा सतत ओढून पारा धरणाऱ्या कार्बन फिल्टरमधून नेतात. तसं मशिन तुमच्याकडे असेल आणि ओढ कमी झाली असेल, फिल्टर भरला असेल किंवा आत ट्यूब फुटून झाकण उघडावं लागणार असेल, तर खोली रिकामी करा, हवा खेळती ठेवा आणि त्या कामाचं प्रशिक्षण असलेल्यांना बोलवा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तो पाऱ्याची वाफ खोलीभर फेकतो.

राळ जळताना येणारा उग्र वास धुराड्यातून बाहेर गेला पाहिजे. तो कामाच्या जागी येत असेल तर ब्लोअर दुरुस्त होईपर्यंत मशिन बंद.

दुरुस्तीनंतर

पहिले वीस-तीस बल्ब मोजू नका, मशिन अजून तापायचं असतं. त्यानंतरच्या पन्नास कॅपा एकेक करून गेजवर घाला. बुडाची काळी काच भिंगाखाली पाहा. तडा असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: गरम कॅपा थंड करायला कोणी पाण्याच्या बादलीत टाकतंय का? ती काच आहे, गरम असताना पाण्यात पडली की तडकते, आणि तडा कधी कधी कॅप वाळल्यावरच दिसतो. जाळीच्या ट्रेमध्ये पसरून निवू द्या. काच काळवंडलेली, काजळी बसलेली असेल तर टिकली आणि पत्रा यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघा, काजळीतूनही वीज वाहते.

गेजात न जाणारी कॅप ठोकून गोल करणारे हात प्रत्येक कारखान्यात असतात. तशी कॅप नव्या बल्बवर बसते, पुढे होल्डरमध्ये अडकते आणि काढताना कोणाच्या तरी हातात मान तुटते. ती भंगारात टाका. पितळेच्या भावाने जाईल.